लोरेदानाचं लग्न (किंवा कायदा त्याला जे काय म्हणत असेल ते)

वयाने आणि आवाजानेही मोठ्या असलेल्या नोरीनाताईस, धाकट्या एर्सिलियाचे दोन्ही गालांवर मुके.

तुझा गुडघा कसा आहे? तिकडे अर्जेंटिनात, तुझ्या रोझारिओत, आता थंडी असेल, लोकरीचे मोजे घाल, नखरे करू नकोस. आम्ही इथे सगळे ठणठणीत आहोत, फक्त मध्यंतरी एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण मीच सांगते, नाहीतर तुला तिथल्या शेजारणींकडून कळायचं (आपलं निम्मं गाव तिकडेच तर आहे).

तुझी भाची लोरेदाना आणि तिची मिर्ता किती वर्षं एकत्र राहतात, ते तुला ठाऊकच आहे. लोरेदाना गाई-मेंढ्यांची डॉक्टर, म्हणजे जे हाती लागेल त्यात भागवणारी. मिर्ता चर्चमधले ऑर्गन सुरात लावते, म्हणजे तिला केसभरही कमी-जास्त चालायचं नाही. वसंतात लोरेदाना म्हणाली, चल, पालिकेत जाऊन नागरी युनियन करून घेऊ (म्हणजे लग्नासारखीच नोंदणी, पण नाव लग्न नाही), आपल्यासारख्यांना इथे इटलीत तेवढंच मिळतं. मिर्ता म्हणाली, "केलं तर लग्नच. भाडं पूर्ण घ्यायचं आणि बसायला स्टूल द्यायचं, ही कुठली रीत?" मला वाटलं, असा काय मोठा फरक असणार? म्हणून मीच पालिकेत गेले. खिडकीवरच्या बाईंनी कलमं वाचून दाखवली : एकत्र राहायचं, एकमेकींना सांभाळायचं, घरखर्चाला हातभार लावायचा. सगळं आमच्यासारखंच. मी म्हटलं, आणि एकनिष्ठ राहायचं? तर म्हणाल्या, ते कलम यात नाही. ताई, मी खुर्चीच धरली. म्हणजे मी जन्मभर गास्पारेशी जी निष्ठा पाळली (त्या पोस्टमनचं तुला माहीत आहे, आणि तो काही कमी देखणा नव्हता), ती यांना माफ? मोडायचं झालं तरी यांचं आमच्याहून लवकर मोडतं म्हणे. सहज विचारलं, आमचं जुनं लग्न बदलून असलं मिळेल का? तर नाही! बाई आणि पुरुष असाल तर लग्नच करावं लागतं. बाईंनी मला पाणी दिलं.

इकडे गास्पारे हटून बसला की मी समारंभाला येणार नाही. रविवारची प्रार्थना कधी न चुकवणारा माणूस, आम्हाला वाटलं, दोघी बायका म्हणून याच्या गळी उतरत नाही. लोरेदाना तर रडलीच. शेवटी एकदा जेवताना काटा आपटून म्हणाला, "युनियन ऑलिव्हवाल्यांचीसुद्धा असते! माझा तो आळशी भाचा ओरेस्ते, त्याला तीन-तीन लग्नं करू दिली, आणि माझ्या मुलीला एकही नाही? का?" मिर्ताने उठून त्याच्या टकलाचा मुका घेतला. झालं! घरात दोन पक्ष पडले. ते दोघे लग्नवाले, आम्ही मायलेकी युनियनवाल्या, आणि मधे सूप गार होतंय.

तरी लोरेदानाने मिर्ताला वळवलं. म्हणाली, "उद्या मी इस्पितळात पडले आणि दारात कुणी विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण, तर काय सांगशील? तत्त्व?" जूनमध्ये आम्ही सगळे (कुरकुरत का होईना, गास्पारेही) नटून पालिकेत गेलो. महापौरांनी तिरंगी पट्टा घातला, कलमं वाचली आणि मिर्ताला विचारलं, युनियन करायची इच्छा आहे का? ती म्हणाली, "लोरेदानाशी लग्न करायची इच्छा आहे." ते बिचारे म्हणाले, "बाई, तो प्रश्न माझ्याकडे नाही." "मग माझ्याकडे उत्तर नाही," म्हणून ती जिना उतरून गेली. मागून एकट्या गास्पारेने टाळ्या वाजवल्या. मी विंचिसग्रासीचे, आपल्या त्या थराथरांच्या खिमा-पास्त्याचे, पाच ट्रे भाजून ठेवले होते. पाहुण्यांनी अत्यंत दुःखी चेहऱ्याने दोनदा वाढून घेतलं.

लोरेदाना तिच्या जनावरांच्या दवाखान्यात झोपायला गेली. मिर्ता माझ्या स्वयंपाकघरात डोळे सुजवून बसली. मी म्हटलं, बाळा, एका शब्दासाठी एवढं? तर मला विचारते, "आई, तुमचं लग्न कशाने झालं? शब्दानेच ना?" उत्तर अजून शोधते आहे, तुला सुचलं तर कळव.

काही दिवसांनी लोरेदाना मेंढ्यांच्या वासासकट घरी आली. म्हणाली, "मी चौकशी केली. अर्जेंटिनात आपलं लग्न होतं. पण इथे परतलो की त्याची युनियनच धरतात." गास्पारेने विचारलं, लग्नाची युनियन नेमकी कुठे होते? समुद्रावर की विमानतळावर? लोरेदाना म्हणाली, "कुठेही होऊ दे. इस्पितळाचं दार त्यानेही उघडतं. पण मिर्ता, तिथे तुला तुझा प्रश्न विचारतील, आणि मला तुझं उत्तर ऐकायचंय." मिर्ताने तिच्या केसांतली गवताची काडी काढली आणि तिथेच, कुणीही न विचारता, हो म्हणाली.

असो. मला फक्त तुझी खुशाली विचारायची होती. भावजींना नमस्कार.

तुझी एर्सिलिया

ता. क. : ऑक्टोबरात तुझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत का? आम्ही चौघं येतोय. नाही म्हणू नकोस, तिकिटं काढून झाली.

आणखी एक ता. क. : तिथे आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न करता येतं का, असं गास्पारे विचारतोय. मी त्याला म्हटलंय, विचार करून सांगते. निळा झगा शिवायला टाकलाय, हे त्याला कळू देऊ नकोस.