गट एकशे अठरा : पडीक

८ नोव्हेंबर २०१०, दिग्रस
पोहोचलो एकदाचा! यवतमाळहून एसटीने धुळीत माखून उतरलो, तर घरमालकीण हुस्नाबींनी आधी न्हाणीत गरम पाणी काढून दिलं, मग चौकशी केली. खोली माडीवर आहे. खिडकीतून जिनिंगचं आवार दिसतं, कापसाचे ढीग आणि ढिगांवर चढलेली माणसं. हुस्नाबींचा मुलगा जफर माझी जीप चालवील आणि मोजणीत समोर पट्टीही धरील. देशातली पहिली अतिवेगवान रेल्वे कुठून न्यावी याचे चार-पाच आराखडे होताहेत, त्यातला एक इथून जातो. ताशी तीनशेच्या गाडीला वळण सोसत नाही. रेघ सरळ हवी. इथली रेघ मी आखणार.

२० नोव्हेंबर
आज गट ११८. तांड्यामागे, पऱ्हाटीच्या वावरांमध्ये, चुना लावलेले दगड उभे होते. सुखीबाई नावाची बंजारा म्हातारी कापसाची वेचणी सोडून आली. तांड्यातली माणसं इथं पुरली आहेत, पण सरकारी कागदात नोंद नाही, तुमच्या नकाशात तरी घ्या, असं तिने हात जोडून सांगितलं. मी हो म्हणालो. तिने पदरातल्या तुरीच्या शेंगा माझ्या हातात ठेवल्या.

२१ नोव्हेंबर
मसणवटी दाखवली तर रेघ सरकवावी लागते. बारा दिवसांची मोजणी वाया. मी लिहिलं : 'गट ११८, पडीक. वापर नाही. इथे कोणी नाही.' नकाशा पुण्याला पाठवला. वरिष्ठांचा फोन आला, रेघ सुरेख आली म्हणाले. मी खूश झालो. हे लिहितानाही मान खाली जाते. शेंगा मला खाववेनात, जफरला दिल्या.

२५ नोव्हेंबर
जफरला मोजणीचं यंत्र शिकायचं होतं, म्हणून आज पट्टी मी धरली. भर दुपार, अंतर चाळीस मीटर. त्याने काचेतून पाहिलं, डोळा बाजूला घेऊन पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग मला हाका मारू लागला. मी हात हलवला, तरी हाका चालूच.
"पट्टी दिसते साहेब. तुम्ही दिसून नाही राह्यले."
उन्हामुळे होतं असं, म्हणून मी हसलो. तो हसला नाही.

२७ नोव्हेंबर
हुस्नाबींनी आज ताटं दोनच वाढली. मी खाकरलो तेव्हा दचकल्या. आपण विसरलो कसं हे त्यांनाच कळेना. माफी मागत राहिल्या. माझं ताट मीच वाढून घेतलं.

२९ नोव्हेंबर
पुण्याला वरिष्ठांना फोन लावला. ११८चं खरं सांगणारच होतो. त्यांनी आधी विचारलं, सगळं ठीक ना? मी ठीक म्हणालो. का म्हणालो? — ते हॅलो, हॅलो करत राहिले. पुन्हा लावला. ओरडून सगळं सांगितलं. तिकडून नुसतं हॅलो.

३० नोव्हेंबर
हुस्नाबी खोली झाडून गेल्या. वळकटी बांधून कोपऱ्यात ठेवली. मी तिथेच उभा — त्यांच्या हाताला हात लावला. त्यांनी हात पदराला पुसला. खाली जफरला म्हणाल्या, मोजणीवाले साहेब न सांगताच गेले वाटतं.
जफर म्हणाला, "कोनते साहेब?"

२ डिसेंबर
चालत ११८ला आलो. वाटेत वेचणाऱ्या बायका, एकीनेही मान वर — सुखीबाईने पाहिलं. मलाच. लांबूनच. बस म्हणाली. रागावली असती तर —
खोटं लिहिलं, म्हणालो.
"मले मालूम हाय, बापू. जे कोनी लिवत नाही, थे मलेच दिसते. आता खरं लिही."
नकाशा गेला. या वहीतच लिहितो. गट ११८ पडीक नाही. दगड मोजले. इथे चौदा माणसं आहेत. सुखीबाई शेवटच्या दगडाशेजारी माती उकरते आहे, हळूहळू, मायेने — चौदा नाही — मला धरून पं