शोल्डर रिगच्या मागचं वजन परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक साहेब,
खाडीनाका पोलीस ठाणे,
ठाणे (पूर्व).

विषय : नारळी पौर्णिमेला जप्त केलेली शोल्डर रिग आणि तिच्या मागची शिशाची पिशवी परत मिळण्याबाबत.

संदर्भ : माझे याआधीचे दोन अर्ज. दोन्हींवर तुमचा शिक्का आहे, उत्तर नाही.

महोदय,

वरील विषयी अर्ज करते की, मी दक्षता रतन तांडेल, वय १७, राहणार कोळीवाडा. मी हळदीचे, साखरपुड्याचे व्हिडिओ शूट करते. शाळा दहावीत सोडली. हे हवालदार साहेब दर वेळी पहिलं विचारतात म्हणून आधीच लिहून टाकलं. मागचे अर्ज टायपिंगवाल्याकडून केलेले. त्याने त्यात 'मी एक अनाथ मुलगी' असं घातलेलं. मी अनाथ नाही, आई आहे. म्हणून हा हाताने लिहिते.

१) नारळी पौर्णिमेला आमच्याकडची मिरवणूक नारळ घेऊन खाडीवर जाते. मंडळाने मला शूटिंग सांगितलेलं. नेते येणार म्हणून बंदोबस्त होता. नारळ पाण्यात सोडायच्या वेळेला मी रिगवर लावलेला कॅमेरा खांद्यावर घेऊन नेत्यांच्या स्टेजकडे वळले, तेवढ्यात हवालदार त्र्यंबक साहेबांनी मागून रिग धरली. "ए, खाली ठेव ते! काय आहे?" मी बोलले, "रिग आहे काका." ते बोलले, "काका कोण? साहेब बोल." मग पिशवी उघडली. आत शिशाच्या गोळ्या निघाल्या. बँड थांबला, सगळे माझ्याकडे बघायला लागले. कॅमेरा संध्याकाळी परत दिलात. बाकीचं ठेवून घेतलंत. पावतीवर 'संशयास्पद लोखंडी नळी एक, धातूच्या गोळ्या पिशवीसह' असं लिहिलंय. नळी लोखंडी नाही, ॲल्युमिनियमची आहे. मॅग्नेट लावून बघा.

२) तुमच्या ठाण्यात मला विचारलेलं, "दुकानात मिळतात की असली, मग हे जुगाड कशाला?" तेव्हा मी रागात होते, नीट सांगितलं नाही. आता सांगते. हळद चार-पाच तास चालते. कॅमेरा हातात धरला की मनगट थरथरतं आणि व्हिडिओत नवरी थरथरते. म्हणून रिग लागते. खांद्यावर गादी, पुढे दोन मुठी आणि कॅमेरा, मागे वजन. दुकानातली मी बघितली, भारी किमतीची होती. दुकानदाराने हातात दिली नाही, माझ्या चपलांकडे बघत राहिला. मग ऑनलाइन एक स्वस्तातली मागवली, प्लास्टिकची. डोंबिवलीला एका हळदीत तिचा स्क्रू सुटला आणि कॅमेऱ्याने मान टाकली. नवरीची आई बोलली, "अगं, तोंड घे तिचं, पाय काय घेतेस?" ती परत पाठवली. कल्याणला शूटिंग करणाऱ्या मितेशची जुनी मिळत होती, पण तो सहा फुटी आहे. त्याची रिग माझ्या खांद्यावरून घसरते आणि मूठ हनुवटीला लागते. स्वस्त घ्यायची तर आपल्या खांद्याला बसणारी घ्यावी, एवढं मला कळलं. साहेब, तुमच्या घरात कोणी शूटिंग करत असेल तर त्यांनाही सांगा.

३) म्हणून मानपाड्याच्या भावेशकडून बनवून घेतली. तो ग्रिलच्या कारखान्यात आहे. कपडे वाळत घालायच्या स्टँडचा पाइप, सायकलच्या मुठी आणि बाइकच्या जुन्या सीटचा फोम. त्याने माझा खांदा टेपने मोजला आणि बोलला, "तुझा एक खांदा खाली आहे, माहितीय तुला?" मला माहीत नव्हतं. गादी त्या हिशोबाने तिरकी लावली. तुमच्या माणसांना ती वाकडी दिसली, ती त्यामुळे.

४) आता वजन. मागे वजन नसलं की कॅमेरा पुढे ओढतो. पाण्याची बाटली लावून बघितली, पाणी हलतं. डंबेल लावलं, ते चालताना कंबरेत बसतं. मग आई बोलली, "बाबांच्या जाळ्याचं शिसं आहे, ते घे. कामाला तरी येईल." फेकायचं जाळं असतं, त्याच्या कडेला शिशाच्या गोळ्या असतात, त्याने जाळं पाण्यात बसतं. बाबांनी त्या घरीच ओतलेल्या, विटेत साचा कोरून. म्हणून प्रत्येक गोळीची एक बाजू चपटी आहे. चपटी गोळी बंदुकीत चालत नसणार असं मला वाटतं, पण तुम्हाला जास्त माहिती. खाडीत मासे राहिले नाहीत तेव्हा बाबा माजिवड्याला एका टॉवरच्या गेटवर वॉचमन लागले. जाळं खिळ्याला टांगलेलं राहिलं. नंतर त्यांना ताप आला, हॉस्पिटलला गेले, परत आले नाहीत. जाळं कुजलेलं, आईने कापून शिसं काढलं. पिशवी त्यांच्या वॉचमनच्या पँटची आहे. ती पाठीला धरून बसते, हलत नाही.

५) मुद्देमालवाल्या साहेबांनी गोळ्यांचं बिल मागितलं. बिल नाही. मग बोलले, वारस दाखला आण. मी तहसीलला गेलेले. तिथल्या माणसाने विचारलं, मालमत्ता काय? मी बोलले, शिसं. त्याने बाजूच्याला हाक मारली, "अरे, इकडे ये, ऐक ही काय बोलते." दाखला मिळाला नाही. परत तुमच्याकडे आले, तर सांगितलं की ज्याने गोळ्या बनवल्या त्याने येऊन ओळखाव्यात. मी मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. साहेबांनी वाचला, नीट वाचला, आणि बोलले, "हो, ते ठीक आहे. पण मग ओळखणार कोण?"

मी दाखला उचलला. त्या दिवशी घरी आले आणि भात खाल्ला.

तरी विनंती की, रिग ठेवायची तर ठेवा. भावेश दुसरी बनवून देतो बोलला. माप त्याच्याकडे आहे. मला फक्त पिशवी द्या.

तुम्ही विचाराल की वजनच पाहिजे तर दुसरं काहीही चालेल. खरं आहे. मी वाळू भरून बघितली. शिसं भरलं तेव्हा मोजलेलं, काट्यावर तेवढीच केली. कॅमेरा पुढे ओढत नाही, व्हिडिओ हलत नाही, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. मलाही खांद्यावर काही फरक कळत नाही. म्हणजे कामासाठी अडलंय असं खोटं लिहिणार नाही. ते माझ्या बाबांचं आहे आणि तुमच्या कपाटात आहे, एवढंच.

उत्तर दिलं नाहीत तर चौथा अर्ज घेऊन येईन.

आपली,
(नम्र लिहायचं असतं म्हणून) नम्र,
दक्षता रतन तांडेल
कोळीवाडा, ठाणे (पूर्व)
दि. १४ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) आधार कार्डाची झेरॉक्स.
२) मुद्देमाल पावतीची झेरॉक्स.
३) वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. ही तिसरी. आधीच्या दोन तुमच्याकडेच आहेत.
४) भावेशचं पत्र की रिग त्याने बनवली आणि ती रिगच आहे.
५) एक शिशाची गोळी, नमुन्यासाठी. ही पिशवीत भरताना कॉटखाली गेलेली म्हणून वाचली. जोडणार होते, नाही जोडली. बघायची असेल तर घरी या, आई दाखवेल.