थेट संपर्क करू नये

४ मार्च
आजपासून संयम. परदेशातून मूल दत्तक घ्यायचं म्हणजे वेळ लागणारच, हे बायकोला समजावलं. तिने नुसतीच मान हलवली. पाच वर्षांची मुलगी आहे, फोटोत सगळे दात दाखवून हसतेय. आम्ही होकार कळवलाय. आता तिचं नात्यातलं कुणी सापडतंय का ते तिकडे शोधणार, मग कोर्ट. तोवर मुलीशी थेट संपर्क करायचा नाही. मंजूर.

९ मार्च, सकाळी
संयम उत्तम चालू. समाजसेविका बाईंना आज एकच फोन केला. (कालचे धरायचे नाहीत.) शोध चालू आहे म्हणाल्या. गोदामात अडकलेला माल मी एका फोनवर सोडवतो आणि इथे दोन सरकारांना मिळून एक काका सापडत नाही! यांना कामाची पद्धत शिकवायला हवी.

२ एप्रिल
आमच्या एका गिऱ्हाइकाचा मेव्हणा तिकडे त्याच गावात असतो. त्याने बालगृहातल्या स्वयंपाकीणबाईंचा नंबर मिळवून दिला. नुसता ठेवून घेतलाय. वापरणार नाही.

३ एप्रिल
वापरला. पण याला संपर्क म्हणता येणार नाही, साधा व्हिडिओ कॉल होता. तिच्या भाषेतली चार वाक्यं शिकून ठेवली होती, ती सगळी बोललो. मी तुझा बाबा. मी तुला न्यायला येणार. कुणाला सांगू नकोस. चौथं 'स्टेशन कुठे आहे' होतं, तेही विचारून टाकलं. खुदकन हसली. पुढचा दात पडलाय.
बायकोला सांगितलं नाही. तिला उगाच टेन्शन येतं.

२१ एप्रिल
समाजसेविका बाई घर बघायला आल्या. मी चांगली छाप पाडली. बोलण्याच्या ओघात म्हणालो, दात पडल्यापासून पोरगी जास्तच गोड दिसते. बाईंनी फाइल उघडून फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. बायकोनेही पाहिलं.
या वयात सगळ्यांचेच दात पडतात, असं मी म्हणालो.

२२ एप्रिल
बायको अबोल. चूक तशी किरकोळ आहे. उद्या बाईंना नीट समजावतो.

२३ एप्रिल, दुपारी
सगळं सांगितलं, ती चार वाक्यंसुद्धा. समजावता आलं नाही. चौकशी होईपर्यंत फाइल थांबवली. स्वयंपाकीणबाईंची नोकरी गेली. मी म्हणालो, बापाच्या मायेने केलं. बाई म्हणाल्या, "अजून तुम्ही तिच्यासाठी फोनवरचा एक अनोळखी माणूस आहात. अनोळखी माणूस 'कुणाला सांगू नकोस' म्हणाला, तर लगेच येऊन सांगायचं, हे आम्ही मुलांना सगळ्यात आधी शिकवतो."
घरी आलो. बायकोसमोर मान वर होईना. लाज वाटते.

८ मे
बाईंचा फोन. तिकडे चौकशीत मुलीला जवळ घेऊन विचारलं, कुणाचा फोन होता? सांगत नाही. दिवसभर बडबडणारी पोर, आता ओठ घट्ट मिटून बसते. दिलेला शब्द पाळतेय.
मी म्हणालो, तिला एवढंच कळवा, बाबा म्हणतोय, सांगून टाक.
बाई म्हणाल्या, "तुमचा कुठलाच निरोप आता तिला देता येत नाही."