अलगद उतरेल

डब्लिन,
१४ नोव्हेंबर २०१०

प्रिय ब्रीड,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, मुलींचे फोटोही. ओर्ला आपल्या दोघांच्या आईवर गेली आहे, हनुवटी तर थेट तीच. मी बरा आहे. उत्तराला उशीर झाला कारण कामात होतो, असं लिहायला घेतलं होतं. पण बँकेतली नोकरी गेल्यापासून मला फारसं काम नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

अगदीच रिकामा नाही म्हणा. गणिताच्या शिकवण्या घेतो. गेल्या महिन्यात एका मुलीची आई दारातच मला न्याहाळत म्हणाली, "टीव्हीवर यायचात ते तुम्हीच ना? घरांचे भाव अलगद उतरतील म्हणणारे?" मी हो म्हणालो. "मग हिला संभाव्यता सोडून बाकी सगळं शिकवा." शिकवणी चालू आहे. आमचा खाटीक मात्र दर शनिवारी सुरी उचलून विचारायचा, "काय साहेब, अलगद कापू?" आता मी सॉसेजेस पलीकडच्या रस्त्यावरून आणतो.

बँकेने निरोप रीतसर दिला, केकसुद्धा होता. घरांच्या भावांवरच्या माझ्या अहवालाबद्दल ज्यांनी पाठ थोपटली ते सगळे अजून आपापल्या खुर्चीत आहेत. राग येतो, पण त्यावर पानं भरत नाही.

कोल्म कसा आहे? पर्थला आता उन्हाळा लागत असेल. इकडे बांधकामं बंद पडल्यावर त्याच्यासारख्या वायरमनला तिकडे ऑस्ट्रेलियात जाण्यावाचून दुसरं काय होतं! मुली कॉम्प्युटरवर बापाला गृहपाठ दाखवतात, असं लिहिलंस. तुमच्या त्या अर्धवट बांधून सोडलेल्या वसाहतीतले रस्त्यावरचे दिवे लागले का? बत्तीस घरांत तीन बिऱ्हाडं, आणि तू लिहितेस, शांतता छान वाटते. ते माझ्यासाठी लिहिलं आहेस, एवढं मला कळतं.

गुरुवारी आपला मावसभाऊ मॉसी भेटला. डोळे तपासायला आला होता. चहा पिता पिता म्हणाला, "गावच्या पोस्टात पॅट्सी गिलरेन तुझ्या नावाने खडे फोडत होता रे. तुझ्या बहिणीने त्याला असं झापलं! 'फर्गलला काय ठाऊक होतं? सगळ्यांची फसगत झाली, तशी त्याचीही झाली.'" मॉसीला वाटलं, मी खूश होईन. माझा चहा तसाच राहिला.

चर्चमध्ये आईच्या अंत्यविधीला हाच पॅट्सी होता, आठवतं? पुढच्या बाकावर आपण दोघं, आणि गाव ओळीने येऊन एकेकाचा हात हातात घेऊन "फार वाईट झालं" म्हणत पुढे सरकत होतं. पॅट्सीने तुझा हात धरला आणि माझ्यापाशी आल्यावर स्वतःचा खिशात घातला. त्याच्या मुलाने माझं ऐकून घर घेतलं होतं. तेव्हा तूच तुझा उजवा हात माझ्या हातात दिलास. मनगट अजून थोडं वाकडंच आहे.

ते कसं मोडलं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. तू सात वर्षांची, मी अकरा. कोठाराच्या माळ्यावरून तू विचारलंस, "खाली गवत आहे का रे?" मी न बघताच ओरडलो, "आहे, मार उडी!" बाबांनी सकाळीच ते गुरांना नेऊन घातलं होतं. आईला तू सांगितलंस, पाय घसरला. ती गेली तोवर तिला तेवढंच ठाऊक होतं.

पोस्टात तू पुन्हा पाय घसरल्याचंच सांगितलंस, ब्रीड. फक्त या वेळी ते खोटं आहे, हे तुला माहीत नाही.

२००७चा ईस्टर. आईच्या टेबलावर तुम्ही घराचे कागद पसरले होते. कोल्म म्हणाला, "वर्षभर थांबावं का?" तू माझ्याकडे बघितलंस. मी मटण कापता कापता म्हणालो, "उतरलेच भाव तर अलगद उतरतील. घेऊन टाका." त्याच्या तीन आठवडे आधी मी माझा फ्लॅट विकला होता. आकडे मला स्वच्छ दिसत होते. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात मी 'कोसळतील' असंच लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडून वर 'अलगद उतरतील' लिहिलं, आणि मी सही केली. तुम्हाला थांबा म्हणालो असतो तर चार दिवसांत गावभर झालं असतं आणि माझी खुर्ची गेली असती. तुमच्यापेक्षा मला ती जपावीशी वाटली. मला याची फार लाज वाटते.

हे पत्र कोल्मला कॉम्प्युटरवरून वाचून दाखव. पॅट्सीला मी स्वतः सांगेन.

२८ तारखेला आईला जाऊन वर्ष होतं, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्सेला मी येणार आहे. पुढच्या बाकावर माझी जागा धरून ठेवते म्हणाली होतीस, ती ठेवू नकोस. मी मागे बसेन. मिस्सेत 'शांती असो' म्हणत सगळे शेजाऱ्याशी हात मिळवतात, तेव्हा मी तुझ्याकडे हात घेऊन येणार नाही. तू वळायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

मुलींना पापा.

त्या वेळी न बघता, आणि या वेळी नीट बघून, 'मार उडी' म्हणालेला
तुझा भाऊ
फर्गल