पिंपावरची रजई

स्युर,

हा शहाणपणा तुला कुणी सांगितला होता? शनिवारी बाबांना पुरल्यावर सगळा गाव त्यांच्या नावानं जी बिअर पिणार, तिचं पिंप तू रजई काढून तळघरात नेऊन ठेवलंस! बिअर गारव्यातच आंबवायची असते, हे तुझं ऑस्लोचं ज्ञान तुझ्याजवळच ठेव. आपल्या घरचं यीस्ट अंगाच्या उबेला जागं राहतं. आता मेल्यासारखं पडलंय.

पिंप मी चुलीपाशी आणलंय. ब्रिन्युल्फकाकांकडे यीस्ट मागायला चाललेय, तुझ्यापायी.

तू तळघरात टाकलेली रजई ओलीनं भिजली, म्हणून तुझा नवा लोकरी कोट पिंपाला गुंडाळलाय. हात लावू नकोस. बाबा तीन महिने ‘थंडी वाजतेय’ म्हणत होते, तेव्हा तुला यायला जमलं नाही. आता जरा तूही कुडकुड.

गुरो