गप्प बसणाऱ्याचा गुन्हा

सोमवार, ४ मार्च

नात आली! कपड्यांची एक पेटी, पुस्तकांच्या तीन. वेगवेगळ्या देशांत लहान गुन्ह्यांना झटपट शिक्षा कशी देतात, ते ताडून बघतेय. म्हटलं, मलाही सांग. मी चौथी नापास, पण कान पदवीधर आहेत. खो-खो हसली. घर कसं भरून गेलं.

मंगळवार, ५ मार्च

ऐकून चाटच पडले. एका देशात म्हणे सरकारी वकील कागद लिहितो, न्यायाधीश सही करतो, आणि शिक्षा पोस्टाने घरी. ‘बाबा, तुझं काय म्हणणं?’ एवढंही नाही. चौदा दिवसांत ‘मान्य नाही’ कळवलं नाही, तर गुन्हा केला असं ठरलं. दुसऱ्या देशात न्यायाधीशाचीही गरज नाही, वकीलच शिक्षा द्यायला मोकळा! तिसऱ्यात मात्र माणसाने हो म्हटल्याशिवाय शिक्षा लागत नाही. गप्प बसला तर रीतसर खटला.

मला तिसरा पटला. मला बघायला आले तेव्हा पायाला मुंगी चावत होती म्हणून मी खाली बघत बसले, आणि काका म्हणाले, “मुलीला पसंत आहे.” हे चांगले निघाले, ते माझं नशीब.

“आपल्याकडे कुठला गं नियम?”

“पहिलाच, आजी. यंदापासून नवा कायदा आलाय.”

गुरुवार, ७ मार्च

समोरचा ड्रायव्हर – शाळेची बस चालवतो, मला मावशी म्हणतो – त्याच्याकडे बारा दिवसांपूर्वी तसंच पत्र आलंय. त्याच्या घरच्या गाडीने कोपऱ्यावर सायकलवाल्याला उडवलं आणि गाडी थांबलीच नाही. बिचाऱ्याचा हात मोडला. आता लायसन्स जाणार, पाठोपाठ नोकरी.

पण त्या संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात नळ बसवत होता! गुडघ्यापर्यंत भिजला होता. मला कुणी विचारलंच नाही.

नात म्हणाली, “आजी, तू साक्षीदार. शनिवारी मुदत संपते.”

मी साक्षीदार! चष्मा दोनदा पुसून ठेवला.

शुक्रवार, ८ मार्च

नातीने अर्ज लिहिला, मी घेऊन गेले. फक्त त्याची सही हवी होती. कागदाला हात लावेना.

“मावशी, राहू द्या. नळाचं कुणाला बोलू नका.”

अरे, पण तू केलंच नाहीस ना?

“गाडी तर आमचीच होती. मी नव्हतो म्हटलं, की पुढचा प्रश्न येणार – मग चालवत कोण होतं?”

त्याची बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. एकच पातेलं घासत होती, पुन्हा पुन्हा. नुकती गाडी शिकतेय, लायसन्स नाही. सातवा महिना.

सायकलवाल्याचा हात डोळ्यांसमोरून जाईना. अर्ज घडी घालून परत आणला.

शनिवार, ९ मार्च

“आजी, आज शेवटचा दिवस. सही झाली का? तू साक्ष देतेयस ना?”

मी खाली बघत तांदूळ निवडत राहिले.

नातीने पेन खाली ठेवलं. “आजी, तुझ्या गप्प बसण्याला कुठल्या देशाचा नियम लावू?”

उठले, नळ घट्ट केला. गळत नव्हता.