मधला रस्ता

पांढुर्णा,
दि. १३ ऑक्टोबर २०२५

ती. इंदूताईस,
प्रभाकरचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे मी आणि वंदना ठीक आहो. काल तू वंदनाले फोन केला तेव्हा मी बाजूलेच बसलो होतो. तीस वर्षं बसच्या इंजिनजवळ बसून माहे कान गेले हे तुले माहीतच आहे. फोन ठेवल्यावर वंदनानं मोठ्यानं सांगितलं की करुणाले पुण्याच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, सत्तावीसले हजर व्हायचं आहे, आणि पंचवीसले ती नागपूरहून स्लीपर कोचनं चालली. पहिली बातमी ऐकून आनंद झाला. दुसरी ऐकून ताटावरून उठलो.

ताई, पोरीले बसनं पाठवू नको. रेल्वेनं पाठव. जागा नसली तर डब्यात चादर अंथरून बसू दे, पण रेल्वेनं जाऊ दे. नाहीतर विमानानं. बसमधे बाईमाणसाचे हाल होतात, संडासची सोय नसते, ढाब्यावरचं जेवण शिळं असतं, ए.सी.नं सर्दी होते. एवढं माहं ऐक.

हे पत्र सकाळच्या बसवर ड्रायव्हर गजेंद्रच्या हाती देऊन राहिलो. उत्तर त्याच्याच हाती पाठव. माया आहे तेवढी ठेव.

तुझा भाऊ,
प्रभाकर


सौंसर,
दि. १५ ऑक्टोबर २०२५

चि. प्रभाकर यास,
इंदूताईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र गजेंद्रनं घरी आणून दिलं. तू गाडी शिकवलेला पोरगा, चांगला निघाला. सांगत होता की काका पत्र देताना तीनदा म्हणाले, हरवू नको.

पत्र वाचून मी आणि करुणा खूप हसलो. ए.सी.नं सर्दी होते म्हणे! अरे, तीस वर्षं तूच लोकांना त्या ए.सी.त झोपवून नेत होतास ना? करुणा लहान असताना तिला मांडीवर बसवून तूच सांगायचास की रेल्वे तिच्या मर्जीनं चालते, विमान श्रीमंताच्या मर्जीनं, आणि बस गरिबाच्या दारात येऊन उभी राहते. आता तोच मामा उलटं बोलून राहिला.

चेष्टा सोडली तर अडचण खरी आहे. दिवाळीनंतरची गर्दी. रेल्वेची वेटिंग शंभराच्या वर गेली आहे. दोन पेट्या, गादी आणि पुस्तकं घेऊन ती डब्यात चादर अंथरणार कशी? विमानाचं म्हणशील तर सामान तेवढं नेऊ देत नाहीत, आणि खरं सांगते, मलाच ते नको वाटतं. पायाखाली जमीन नाही, बंद दाराआड पोरगी बसली आहे, हा विचारच सोसवत नाही. करुणा म्हणते की आईला आकाशाची भीती आणि मामाला रस्त्याची, मग मी काय पोहत जाऊ? तर तिकीट काढून झालं आहे.

पण प्रभाकर, मी चौतीस वर्षं मास्तरीण होते. पोरगं खरं बोलून राहिलं की बहाणा करून राहिलं ते मला कळतं. तू गाडी सोडली ती कंबरेसाठी असं सांगितलंस. मी दर महिन्याला तुला मालिशचं तेल काढून पाठवते. पण पांढुर्ण्याहून सौंसरला तू येतोस ते शेजारच्या राहुलच्या मोटारसायकलवर, मागच्या सीटवर, खड्ड्यातून. बसमधे मी तुला सहा वर्षांत बसलेलं पाहिलं नाही. अशी कोणती कंबर आहे रे ही? खरं काय ते लिही. वंदनास जयभीम.

जीव लावून असलेली,
इंदूताई


पांढुर्णा,
दि. १९ ऑक्टोबर २०२५

ती. इंदूताईस,
प्रभाकरचा सविनय जयभीम. वि. वि.

तीन दिवस कागद समोर घेऊन बसलो. फोनवर सांगायचं म्हटलं तर मले ओरडून बोलावं लागते, सारी गल्ली ऐकते. आणि हे मी वंदनालेही सांगितलं नाही.

माही कंबर चांगली आहे.

सहा वर्षं होतील जानेवारीत. पुण्याहून नागपूरले गाडी आणून राहिलो होतो. गाडीवर दोन ड्रायव्हर पाहिजेत. दुसऱ्याच्या घरी लग्न होतं, तो आला नाही. शेठ म्हणाला की प्रभाकर, तू जुना माणूस, एकटा नेशील. मी हो म्हणालो. त्याच्या आधीच्या दिवशीही मीच गाडी नेली होती. मागं छत्तीस लोक झोपले होते.

पहाटे चार वाजून गेले होते. टोलनाक्यावरून निघालो ते आठवते. नाक्यावरच्या पोरानं शेकोटी पेटवली होती, तेही आठवते. त्यानंतर एकदम चाकाखाली रस्त्याकडेची गिट्टी वाजली. डोळ्यासमोर पुलाचा कठडा होता, हात लांबवला असता तर लागला असता. स्टेअरिंग कसं फिरवलं मले माहीत नाही. गाडी डोलली, सरळ झाली, रस्त्यावर आली. नाका मागं सहा किलोमीटर राहिला होता. ताई, तो मधला रस्ता माह्याजवळ नाही. मी तो चालवला, पण मी तिथं नव्हतो.

एकही माणूस उठला नाही. एकानं कूस बदलली असेल, बस. नागपूरले सारे उतरले. एक म्हातारी बाई माह्याजवळ आली आणि डोक्यावर हात ठेवून म्हणाली की बाळा, किती दिवसांनी एवढी चांगली झोप लागली, सुखी राह्य. मी तिच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.  महिनाभर गाडी कशीबशी चालवली, मंग कंबरेचं नाव करून सोडली.

तू विचारशील की रेल्वेत आणि विमानात माणूसच असते ना. असते. पण विमानात दोघं असतात. रेल्वेच्या इंजिनातही दोघं, आणि थोड्या थोड्या वेळानं बटन दाबलं नाही तर गाडीले आपोआप ब्रेक लागतो, असं मले इथल्या स्टेशनावरच्या उत्तमनं सांगितलं. बसमधे एकच माणूस, आणि तो किती वाजता उठला हे कोणी विचारत नाही. मीही कधी कोणाले सांगितलं नाही.

करुणाले पाठवू नको. तुह्या पाया पडतो. वंदनाले यातलं काही सांगू नको.

माया राहील का नाही, तूच ठरव.

प्रभाकर


सौंसर,
दि. २५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

प्रभाकर,
जयभीम.

तुझं एकोणीस तारखेचं पत्र आज संध्याकाळी पाच वाजता माझ्या हातात पडलं. दिवाळीचे पाच दिवस गजेंद्रची गाडी बंद होती आणि पाकीट त्याच्या काचेवरच्या ऊन अडवायच्या झडपेत खोचलेलं राहिलं. आला तेव्हा बिचाऱ्याचा चेहरा उतरला होता.

करुणा दुपारी दोनला गेली. शनिवार, त्यात जामसांवलीच्या देवळातून परतणाऱ्या लोकांनी नागपूरची बस भरून आलेली; तरी तिनं पेट्या चढवल्या आणि खिडकीतून हसत हात केला. मीही हसत होते.

पत्र वाचून फोन केला तेव्हा ती स्लीपरमधे चढून बसली होती. मी सगळं वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता.   मग ती हळूच म्हणाली की आई, आता गाडी सुटली. उतरून सामान घेऊन मी कुठं जाऊ? तू झोप. अशा वेळी पोरी आईला झोप म्हणतात.

मला तुझा राग आला आहे. सहा वर्षं मी तेल काढून पाठवत राहिले आणि तू घेत राहिलास. तोंडानं बोलला असतास, येऊन माझ्या दारात उभा राहून सांगितलं असतंस, तर पोरगी आज घरी असती. करुणाचे बाबा गेल्यापासून तिच्याशिवाय मला कोण आहे? पण तुझ्या पत्रातली ती म्हातारी डोळ्यासमोर येते आणि रागही धड करता येत नाही. त्या छत्तीस लोकांत आधी मी तुला मोजलंच नव्हतं. सदतिसावा तूच होतास.

नऊ वाजता फोन लागला, अमरावतीच्या पुढं होती. अकराला बोलली. नंतर मीच केला नाही, तिला झोप यावी म्हणून.

रविवार, सकाळचे सहा. चारपासून फोन लावून राहिले. बंद येते. गाडी पुण्याला पोचायला अजून वेळ आहे असं मी मनाला सांगून राहिले. टीव्ही लावायची हिंमत होत नाही. गजेंद्रची पहिली गाडी निघते आहे, हे पत्र तसंच देते.

इंदू


पुणे,
दि. २९ ऑक्टोबर २०२५

ती. प्रभाकरमामांस,
करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

मी सुखरूप आहे हे तुम्हाला रविवारीच कळलं. काय झालं ते मात्र फोनवर तुम्हाला ऐकू गेलं नसतं, आणि आईला मी अर्धंच सांगितलं आहे. म्हणून हे पत्र पोस्टानं.

आईनं तुमचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा आधी मला तुमचा रागच आला. म्हटलं, आता सांगून काय उपयोग? रात्रभर वरच्या बर्थवर पडून मी गाडीचा आवाज ऐकत राहिले. आईशी बोलून आणि सारखी वेळ पाहून फोनची बॅटरी गेली. बर्थजवळचं चार्जिंग बंद होतं.

पहाटे कधीतरी गाडी डावीकडे कलल्यासारखी झाली आणि खालून घर्रर्र असा आवाज आला. रस्त्याच्या कडेला पट्टे असतात ना, तो. लगेच थांबलाही. कोणी उठलं नाही. मी खाली उतरले. दोन्ही बाजूंचे बर्थ धरत पुढे गेले. दुसऱ्या ड्रायव्हरच्या जागेवर पार्सलची खोकी रचलेली होती.

केबिनच्या आरशात मला ड्रायव्हरचा चेहरा दिसला. डोळे उघडे होते, मामा. पण असे डोळे मी शिकताना नाईट ड्युटीत पाहिले आहेत, आमच्याच मुलींचे. उघडे असतात आणि पाहत नसतात. मी काच वाजवली. तो दचकला, आणि झोपलो नाही, जाऊन बसा, असं ओरडला. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं की दादा, आत्ता मागे कोणतं गाव गेलं?   त्याला सांगता येईना.

मी म्हटलं की गाडी थांबवा. तो नाही म्हणाला, उशीर झाला तर मालक कापून खाईल. मी दारातच उभी राहिले आणि त्याला बोलतं ठेवलं. घर कुठं, मुलं किती. तुळशीराम नाव त्याचं, दोन मुली आहेत. दहा-बारा किलोमीटरवर पेट्रोलपंप आला तेव्हा त्यानं स्वतःच गाडी आत घेतली, स्टेअरिंगवर डोकं ठेवलं आणि त्याच क्षणी झोपला. इतक्या लवकर झोपणारा माणूस मी पाहिला नव्हता. तेव्हा मला खरी भीती वाटली.

लोक उठले आणि माझ्यावर तुटून पडले. एकाची मीटिंग होती, एकीचं विमान पुढे चुकणार होतं. एक काका म्हणाले की पोरीनं उगाच तमाशा केला, गाडी तर नीट चालली होती. मी त्यांना काय दाखवणार होते? काहीच घडलं नव्हतं. मी खोटी असेन असंही मला वाटायला लागलं. तरी दीड तास मी त्याला कोणाला हात लावू दिला नाही. पुण्यात उतरताना कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. तुळशीरामनंही नाही. फक्त माझ्या दोन्ही पेट्या त्यानं डिकीतून स्वतः काढून रिक्षापर्यंत आणल्या.

तुम्ही लिहिलं नसतं तर मी झोपले असते. मामींना सांगा, आता लपवू नका.

आठवणीत ठेवा.
तुमची,
करुणा


पांढुर्णा,
दि. ६ नोव्हेंबर २०२५

चि. करुणास,
मामाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुहं पत्र मी चारदा वाचलं आणि मंग वंदनाले वाचून दाखवलं. माहंही सांगितलं.  तिनं उठून भाजी फोडणीले टाकली, आणि पाठमोरीच म्हणाली की सहा वर्षं मी समजून राहिली होती का तुमचं बाहेर कोणी आहे. आम्ही दोघंही हसलो, मंग ती खूप रडली.

रविवारचं तुले माहीत नाही. ताईचं पत्र आलं, वंदना फोन लावत होती तर तिकडून सारखा एंगेज. मी तसाच गजेंद्रच्या गाडीत चढलो. सहा वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या मागच्या सीटवर बसलो, आणि सौंसर येईपर्यंत माहा उजवा पाय खालच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. बोरगाव गेलं, तेव्हा गजेंद्र विचारत होता की काका, तब्येत बरी नाही का. तुह्या आईच्या दारात पोचलो तर ती फोन कानाला लावून उभी. मले एक शब्द ऐकू आला नाही. तिचं तोंड पाहून समजलं की तिकडून तू बोलून राहिली.

काल सकाळी मी इथल्या बसस्टँडवर गेलो. चहाच्या टपरीवर चार ड्रायव्हर होते. मी त्यांना माही ती पहाट सांगितली, टोलनाक्यापासून म्हातारीपर्यंत. दोघं मधातच उठून गेले. एक जण म्हणाला की काका, सकाळी सकाळी असं अभद्र बोलू नका, आम्हाले गाडी काढायची आहे.

गजेंद्र बसून राहिला. बाकीचे गेल्यावर त्यानं खाली पाहत विचारलं की काका, तुमचं सहा किलोमीटर होतं का? मी हो म्हटलं. तो म्हणाला की माहं मोहगावच्या अलीकडचं आहे. भर दुपारचं. गाडीत शाळेची पोरं होती.

पोरी, तीस वर्षं मी त्या लोकांसोबत चहा पिलो. आता प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहतो आणि वाटते, याचं कोणतं असेल. भीती कमी नाही झाली, वाढली. पण मी रोज पाच वाजता तिथं जाऊन बसायचं ठरवलं आहे, आणि गाडीवर चढणाऱ्याले एकच विचारणार, रात्री झोपला का. शिव्या खाईन. आज सकाळी गजेंद्र नाही झोपलो म्हणाला. मी त्याले घरी पाठवलं. पहिली गाडी गेली नाही, लोक मले बोलून राहिले होते. ओठ हलताना दिसले. ऐकू तर काही येत नाही.

ड्युटीवर जपून राह्य. जागरण झालं तर खोटं बोलू नको.

तुह्यावर जीव असलेला,
प्रभाकरमामा